विश्लेषण : वेगवान गाडी जुनी झाली, सस्पेन्शन थकले… ‘अपग्रेड’ करताना आधी काय बदलावे?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या गाड्यांकडे तरुण नुसते बघत राहायचे, त्या आज जुन्या गाड्यांच्या बाजारात नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशांत मिळतात. इंजिनाची ताकद बऱ्याच अंशी शाबूत असते, पण खालचे रबर, स्प्रिंग आणि शॉकअप थकलेले असतात. गाडी पळते पूर्वीसारखीच, थांबते आणि वळते मात्र पूर्वीसारखी नाही. धोका इथेच आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे एकाच प्रवासात चौपदरी महामार्ग आणि काळ्या मातीवरचा खचलेला रस्ता दोन्ही लागतात, तिथे सस्पेन्शनवर पैसे खर्च करताना कोणता क्रम ठेवावा?

कोणत्या गाड्यांचा हा प्रश्न आहे?

अशा अनेक गाड्यांचे माहेर महाराष्ट्रच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. याच गाडीची वेगवान आवृत्ती, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस, २००४ मध्ये भारतात आली. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये, तर रांजणगावातून आलेली १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो २०१५ मध्ये बाजारात उतरली.

पहिली ऑक्टाव्हिया आरएस आता वीस वर्षांच्या आसपास आहे. पोलो जीटी आणि अबार्थही दहाच्या पुढे गेल्या. खासगी पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्यामुळे ‘एमएच-३८’ पासिंगची अशी जुनी गाडी घेणाऱ्यासाठी सस्पेन्शन ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

सस्पेन्शन नेमके काय करते?

अनेकांना वाटते, सस्पेन्शन म्हणजे बसणाऱ्याला धक्का न लागू देणारी यंत्रणा. ते अर्धेच खरे. तिचे मोठे काम म्हणजे चाक रस्त्याला चिकटवून ठेवणे. ब्रेक असो, वळण असो की वेग, सगळे टायर आणि रस्ता यांच्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून असते.

यात स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून घेते. पण साठवलेली ऊर्जा ती परत देते, म्हणजे गाडी उसळत राहते. ही उसळी शॉकअप थांबवतो. त्यातल्या दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेल दाबाने जाते, हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते.

साध्या गाडीचे शरीर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वर-खाली होते. चाक मात्र दहा ते पंधरा वेळा थरथरू शकते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. शॉकअप थकलेला असेल तर त्या २२ मीटरमध्ये चाक अनेकदा रस्त्यावर हलके पडते किंवा क्षणभर सुटते. सुटलेले चाक ब्रेक मारून उपयोगाचे नाही. अशा वेळी एबीएसही हतबल होते, कारण ते टायरची पकड वापरते, नवी पकड निर्माण करू शकत नाही.

हिंगोलीत ते लवकर का थकते?

पहिले कारण जमीन. मराठवाड्यातली काळी कापसाची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नीट पाया घालून बांधला नसेल तर वर-खाली लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर शॉकअपला सतत काम करावे लागते, तेल तापते, पातळ होते आणि त्याची रोखण्याची ताकद कमी होते.

दुसरे कारण ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. उष्णता आणि वय रबराला कडक करतात. गाडी कमी फिरली तरी रबर म्हातारे होतेच. म्हणूनच ‘फक्त ५० हजार किलोमीटर चालली आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य वीस वर्षांच्या गाडीत फारसे सांगत नाही.

तिसरे कारण गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सहज ओलांडता येतो. गावोगावी लोकांनी किंवा ठेकेदाराने घातलेले अरुंद, उभे उंचवटे या मापात बसत नाहीत. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड महामार्गावरून उतरून सेनगाव किंवा औंढा नागनाथकडच्या आतल्या गावांत वळले की एकाच प्रवासात दोन्ही टोके भेटतात. वेगवान गाडीचे टायर कमी जाडीचे असल्याने धक्का टायरात जिरत नाही, तो थेट बुश आणि शॉकअपवर जातो.

झिजल्याचे कसे ओळखावे?

• शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला, धूळ चिकटलेला थर.

• ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जाणे, वेग घेताना मागचा भाग बसणे.

• वळणावर किंवा लाटेवर गाडी एकदा नव्हे, दोन-तीनदा डोलणे.

• टायर हाताने चाचपल्यावर ठिकठिकाणी खोलगट झिजलेला लागणे.

• लहान खड्ड्यात ‘कटकट’ आवाज. हा बहुतेक वेळा लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा वरच्या माउंटचा असतो.

• ब्रेक मारताना स्टिअरिंग एका बाजूला ओढणे. लोअर आर्मचा बुश फाटला असेल तर असे होते.

बोनेट दाबून सोडण्याची जुनी चाचणी फक्त पूर्ण निकामी झालेला शॉकअप पकडते. अर्धा थकलेला त्यात पास होतो. शिवाय झीज हळूहळू होत असल्याने रोज चालवणाऱ्याला ती जाणवतच नाही, सवय होते. गाडी जॅकवर घेऊन पहारीने बुश हलवून बघणे हा जास्त खात्रीचा मार्ग आहे. शॉकअप उत्पादक साधारण ८० हजार किलोमीटरनंतर बदलाचा विचार करण्याचा सल्ला देतात. आपल्या रस्त्यांवर तपासणी त्याआधीच हवी.

मग आधी काय बदलायचे?

इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. पहिली खरेदी महागड्या शॉकअपची किंवा गाडी खाली घेणाऱ्या स्प्रिंगची होते. पण लोअर आर्मचे बुश फाटलेले असतील तर चाक स्वतःच्या जागेवरच टिकत नाही. अशा गाडीत उत्तम शॉकअप बसवणे म्हणजे मोडक्या बिजागरीवर नवे दार बसवण्यासारखे आहे.

योग्य क्रम असा : सर्वांत आधी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड. त्यानंतर शॉकअप, आणि त्यांच्यासोबतच वरचे माउंट, बेअरिंग आणि बम्प स्टॉप. स्प्रिंग तुटलेली किंवा बसलेली असेल तरच बदलायची. शेवटी चाकांचे अलाइनमेंट. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीनेच, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकाच वेळी बदलावेत. एक नवा आणि एक जुना असेल तर जोरात ब्रेक मारताना गाडी डावी-उजवीकडे वेगळी वागते.

माउंट आणि बम्प स्टॉप हे शॉकअपच्या तुलनेत स्वस्त भाग. पण ते जुनेच ठेवले तर काही महिन्यांत पुन्हा सगळे उतरवावे लागते आणि मजुरी दुप्पट पडते. ऑक्टाव्हियाची पहिली पिढी, पोलो आणि पुंटो यांच्या मागे एकाच वाकणाऱ्या बीमची साधी रचना आहे, त्यामुळे तिथे बुश कमी. नंतरच्या लॉरा आरएससारख्या गाड्यांत मागे अनेक दांड्यांची रचना आहे, तिथे बुशांची संख्या आणि खर्च दोन्ही वाढतात.

शॉकअप मूळचाच घ्यावा की सुधारित?

बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. एक, कारखान्यातून आला होता तसाच. दोन, मूळ उंचीसाठीच बनवलेला पण थोडा जास्त घट्ट. तीन, खाली घेतलेल्या गाडीसाठीचा आखूड शॉकअप किंवा उंची बदलता येणारा कॉइलओव्हर संच. बिलस्टाइन या जर्मन कंपनीच्या मालिकेत हा फरक सहज दिसतो : बी४ हा मूळ भागाला पर्याय, बी६ मूळ उंचीसाठी पण अधिक घट्ट, तर बी८ आखूड आणि खाली घेणाऱ्या स्प्रिंगसाठी. आपल्या गाडीच्या नेमक्या वर्षाला आणि इंजिनाला कोणता क्रमांक बसतो, ते मागणी देण्यापूर्वी तपासावे लागते.

बी६ सारखे शॉकअप एका नळीचे असतात. त्यांत तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे तेलात फेस होत नाही, उष्णता थेट बाहेर जाते. लांब, लाटांच्या रस्त्यावर ते टिकून काम करतात. पण त्या नळीला दगडाने खोल पोचा पडला तर दट्टा अडकू शकतो. दोन नळ्यांचा साधा शॉकअप असा मार जास्त सोसतो आणि स्वस्तही असतो.

रोज हिंगोली ते नांदेड जाणारा, घरच्यांना घेऊन फिरणारा मालक असेल तर पहिला पर्याय पुरेसा आहे. महामार्गावर जास्त धावणाऱ्या, चालवण्याची आवड असलेल्याला दुसरा उपयोगी. तिसरा रेसट्रॅकसाठी ठीक.

गाडी खाली घेतली तर काय होते?

दिसायला ती बसकी आणि रुबाबदार होते, गुरुत्वमध्य खाली जातो, सपाट रस्त्यावर वळणात फायदाही होतो. पण सस्पेन्शनला वर दबण्यासाठी जी जागा असते ती मर्यादित असते. समजा ती ७५ मिलिमीटर आहे आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तर ४५ उरले. चार माणसे आणि डिक्कीत सामान बसले की आणखी कमी. मग प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळते. तळाला आदळलेले चाक दगडासारखे कडक होते आणि पकड सोडते. म्हणजे ज्या पकडीसाठी पैसे घातले, तीच जाते. शिवाय १० सेंटिमीटरच्या नियमातल्या गतिरोधकावरही इंजिनाखालची तेलाची टाकी घासण्याची भीती असते.

गॅरेजमध्ये काय लक्षात ठेवावे?

पुढच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. तिच्यात माणसाला गंभीर जखमी करण्याइतकी ताकद साठलेली असते. ती उतरवण्यासाठी योग्य स्प्रिंग कंप्रेसर हवाच. तारेने बांधून काम उरकणाऱ्या ठिकाणी गाडी देऊ नये.

दुसरी गोष्ट अनेक मेकॅनिकही विसरतात. लोअर आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे घट्ट करायचे नसतात. तसे केले तर गाडी खाली ठेवल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. चाकांवर वजन आल्यावर, ठरवून दिलेल्या जोराने, टॉर्क रेंचनेच तो घट्ट करायचा. पार्सलने आलेल्या सुट्या भागांची खोकी आणि क्रमांक जपून ठेवावेत, नकली माल ओळखायला ते लागतात. आणि अलाइनमेंट झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेली छापील पावती मागून घ्यावी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे, तिथे अडचण नाही. उंची बदलणारे संच बसवताना मात्र आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घेतलेले बरे. अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते.

पैसे कमी असतील तर?

सगळे एकदम करण्याची गरज नाही. पहिल्या टप्प्यात चांगले टायर, बुश आणि बॉल जॉइंट. दुसऱ्यात चारही शॉकअप, माउंट आणि अलाइनमेंट. इतके झाले की बहुतेक मालकांना आणखी काही बदलावेसेच वाटत नाही, कारण गाडी जशी कारखान्यातून आली होती तशी पुन्हा वागू लागते. गाडी घेतानाच किमतीतून हा खर्च वजा करून बोली लावावी. आणि काम होईपर्यंत इंजिनाची ताकद वाढवणारा कोणताही बदल टाळावा. जी गाडी वेळेत थांबत नाही, तिला आणखी वेग देण्यात शहाणपण नाही.