अक्षरांच्या छाया, चेहऱ्यांचे प्रकाश

टंकलेखन यंत्र हे पत्रे आणि जमाखर्चाचे तक्ते छापण्याचे साधन, अशीच सर्वांची समजूत असते. मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांनी मात्र त्या यंत्रातून माणसांचे चेहरे उमटविले. जे. जे. कलाशाळेत शिकण्याची त्यांची तीव्र इच्छा होती. घरच्या परिस्थितीने ती पूर्ण होऊ दिली नाही. टंकलेखन शिकून ते युनियन बँकेत लागले. एकदा कार्यालयातील अंतर्गत दूरध्वनी क्रमांकांची यादी करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ती यादी दूरध्वनीच्याच आकारात टंकित केली. नाकारली गेलेली कला अशी नोकरीच्या टेबलावरूनच त्यांच्याकडे परत आली.

या कलेचा पाया समोर ठेवलेले छायाचित्र हा होय. डोळे किंचित मिटून त्याकडे पाहिले की बारीक तपशील विरघळतात आणि उजेड व काळोख यांचे मोठे पट्टे तेवढे उरतात. त्या पट्ट्यांना अक्षरे वाटून द्यायची असतात. कपाळावरच्या उजेडाला कोरा कागद किंवा एखादा पूर्णविराम पुरतो, गालाच्या उताराला संयोगचिन्ह चालते, केसांना दाट शाईचा ‘एक्स’ हवा. तेवढ्यानेही काळेपणा आला नाही, तर त्याच जागी पुन्हा ठोका द्यायचा. ओळींमधील ठराविक अंतर हनुवटीची गोलाई मोडते. म्हणून कागदाचा रूळ हाताने केसभर फिरवून अक्षर दोन ओळींच्या मधोमध बसवावे लागते. एक ठोका चुकला तर तो पुसण्याची सोय जवळपास नाहीच. डोळ्याच्या बाहुलीशी आलेल्या कलावंताची परीक्षा तेथे होते.

अमेरिकेतील पॉल स्मिथ (१९२१–२००७) यांची कथा तर अधिक विलक्षण. मेंदूच्या पक्षाघातामुळे बोटांवर त्यांचा पुरेसा ताबा नव्हता; एका हाताने दुसरा सावरीत ते कळ दाबीत. एका वेळी दोन कळा दाबणे अशक्य, म्हणून मोठ्या अक्षरांची कळ अडकवून ठेवून अंकांच्या वर असलेल्या मोजक्या चिन्हांतच ते चित्र रचीत. मोनालिसाचे मंद स्मितही त्यांनी त्यातूनच साकारले.

१९६६ मध्ये बेल प्रयोगशाळेत केनेथ नोल्टन आणि लिऑन हार्मन यांनी हेच काम संगणकाकडे सोपविले. छायाचित्राचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाच्या उजळपणाप्रमाणे एकेक चिन्ह तेथे बसविले गेले. जवळून केवळ चिन्हांची गर्दी दिसते, दूर गेल्यावर मानवी आकृती.

घरच्या संगणकावर मुलांना हा प्रयोग सहज करता येईल. सर्व अक्षरांची रुंदी सारखी असलेला टंक निवडावा. अक्षराची चौकट रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असते, हे विसरल्यास चेहरा लांबट होतो. चौरस छायाचित्राला ४० ओळी घेतल्या, तर प्रत्येक ओळीत ८० अक्षरे धरावीत. छायाचित्रावर तशाच चौकटी आखून घ्याव्यात आणि सुरुवात डोळ्यांपासून करावी. ते साधले नाहीत, तर उरलेला चेहरा कितीही रेखीव असो, तो त्या माणसाचा वाटत नाही.