दारी हत्ती झुलवायचा खर्च : मोठ्या फोर बाय फोर एसयूव्हीचा खरा हिशोब

‘ॲव्हरेज किती देते?’ गाडी घेणारा प्रत्येक मराठी माणूस हा प्रश्न आधी विचारतो. गाडी आठ लाखांची असो की चाळीस लाखांची, प्रश्न तोच. म्हैसूरच्या बोगादीसारख्या भागात तर तो हमखास कानावर पडतो. रिंग रोडच्या आसपास नवी घरं उभी राहिली आहेत, घरापुढे दोन गाड्यांची जागा आहे, आणि त्यातली एक जागा मोठ्या एसयूव्हीसाठी राखून ठेवल्यासारखी दिसते. शनिवार-रविवारी कूर्ग, मे महिन्यात कोल्हापूर किंवा पुणे, मधूनच ऊटी. मग मोठी गाडी हवीच, असं वाटणं साहजिक आहे.

पण ॲव्हरेज हा या हिशोबाचा एक तुकडा आहे, तोही बऱ्यापैकी लहान. बाकीचे तुकडे कोणते, ते आज कागद-पेन्सिल घेऊन पाहू. उदाहरणासाठी टोयोटा फॉर्च्युनरची डिझेल फोर बाय फोर घेऊ, कारण ती जवळजवळ आपल्या अंगणातच तयार होते.

बिडदीची गाडी, किर्लोस्करांचं नाव

म्हैसूरहून बेंगळुरूला जाताना बिडदी लागतं. टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीचा कारखाना तिथे आहे. कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेव्हाच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली आणि शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर दिला. तेच आडनाव आज या कंपनीच्या नावात आहे. फॉर्च्युनर भारतात २००९ मध्ये आली. तिचं सध्याचं डिझेल इंजिन २७५५ सीसीचं आहे, टाकी ८० लिटरची आहे आणि गाडीचं वजन दोन टनांच्या वर आहे.

हे वजन लक्षात ठेवा. सिग्नलवर थांबलेली दोन टनांची गाडी पुन्हा चालती करायला प्रत्येक वेळी इंधन लागतं, आणि ब्रेक दाबला की ती सगळी मेहनत उष्णता होऊन हवेत जाते. म्हणून शहरात मोठ्या गाडीचं ॲव्हरेज इतकं पडतं.

कागदावरचं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा ‘एआरएआय’चा असतो. ही संस्था पुण्यात, वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती प्रयोगशाळेत रोलरवर चालते, ठरलेल्या क्रमाने वेग घेते आणि थांबते. जास्तीत जास्त वेग ताशी ९० किमी, एसी बंद. म्हैसूरच्या उन्हात एसी लावून, घरची सहा माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेल्या गाडीचा आकडा याहून कमी येणारच. यात फसवणूक काही नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजता याव्यात म्हणून ही चाचणी असते. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याचं बजेट ठरवायला नको.

स्वतःच्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं असेल तर जुनी पद्धतच उत्तम. टाकी फुल करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि मधल्या किलोमीटरला नंतर भरलेल्या लिटरने भागा. असं चार-पाच वेळा करून सरासरी घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा खुशामत करणारा असतो.

आता हिशोब

इथून पुढचे काही आकडे मी हिशोबापुरते धरले आहेत. त्यांच्या जागी तुमचे घाला. पद्धत तीच राहील.

धरू की वर्षाला १२,००० किमी धावणं आहे : ७,००० शहरात आणि ५,००० हायवेला. शहरात ॲव्हरेज ९, हायवेला १२. डिझेल ९१ रुपये लिटर.

शहर : ७,००० ÷ ९ = ७७८ लिटर
हायवे : ५,००० ÷ १२ = ४१७ लिटर
एकूण : १,१९५ लिटर, म्हणजे सुमारे १,०८,७०० रुपये

महिन्याला साधारण नऊ हजार, किलोमीटरला नऊ रुपये. आता तेवढंच धावणारी एक छोटी पेट्रोल गाडी घ्या. शहरात १४, हायवेला १९, पेट्रोल १०३ रुपये. तिला ७६३ लिटर लागतील, खर्च सुमारे ७८,६०० रुपये.

फरक वर्षाला फक्त तीस हजारांचा! म्हणजे महिन्याला अडीच हजार. ‘एवढंच ना?’ म्हणून इथेच अनेक घरं बुकिंगची रक्कम भरून मोकळी होतात. पण पुढचं पान अजून उलटायचं आहे.

न दिसणारा खर्च

गाडीची एक्स-शोरूम किंमत ४० लाख धरू. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला आजीवन रोड टॅक्स १८ टक्के असतो आणि त्यावर सेस, मिळून जवळपास २० टक्के. म्हणजे आठ लाख रुपये. गाडी ४८ लाखांना पडली. पाच वर्षांनी विकली तर मूळ किमतीच्या साठ टक्के, म्हणजे २४ लाख मिळतील असं उदार मनाने धरू. तरी पाच वर्षांत २४ लाख उतरले. वर्षाला ४ लाख ८० हजार, महिन्याला ४० हजार.

या रकमेची पावती कुठल्याच पंपावर मिळत नाही, म्हणून ती जाणवत नाही. गाडी नुसती बोगादीत घरापुढे उभी राहिली तरी हा खर्च चालूच असतो. आता सगळं एकत्र मांडू, वर्षाचं :

किंमत उतरणं : ४,८०,०००
डिझेल : १,०८,७००
विमा : ९०,०००
सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती : २५,०००
टायरचा वाटा : १७,०००
एकूण : ७,२०,७००

महिन्याला साठ हजार, किलोमीटरला साठ रुपये. त्यात डिझेलचा वाटा फक्त पंधरा टक्के. कर्ज काढलं असेल तर ३० लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत सुमारे ७ लाख ३६ हजार रुपये व्याज जातं. ते धरलं की किलोमीटर ७२ रुपयांना पडतो.

छोट्या गाडीचं गणित याच पद्धतीने करा. करासह साडेअकरा लाखांना घेतलेली, पाच वर्षांनी साडेपाच लाखांना विकलेली. विमा २५ हजार, सर्व्हिसिंग ८ हजार, टायर ६ हजार. वर्षाचा खर्च सुमारे २ लाख ३८ हजार, किलोमीटरला वीस रुपये.

दोन्हींतला फरक महिन्याला चाळीस हजार. पाच वर्षांत २४ लाख. मुलांचं कॉलेज, आई-बाबांचं आजारपण, गावाकडच्या घराची डागडुजी, यातलं काहीही या रकमेत बसतं. गाडीचा निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून का घ्यावा, त्याचं कारण हेच आहे.

फोर बाय फोर किती दिवस लागते?

इथे स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. म्हैसूर–मडिकेरी रस्ता डांबरी आहे. ऊटीचा घाटही डांबरी आहे. कोल्हापूर-पुण्याला जाताना तर राष्ट्रीय महामार्गच आहे. या सगळ्या प्रवासात चारही चाकांना ताकद द्यायची वेळ येत नाही.

फॉर्च्युनरसारख्या गाडीत एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, म्हणजे ‘टू-एच’. चिखल, वाळू, निसरडा चढ आला की ‘फोर-एच’, आणि फारच अवघड जागी ‘फोर-एल’. कोरड्या डांबरावर फोर-एच लावून ठेवणं ही चूक आहे. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण फोर-एचमध्ये दोन्हींना एकाच गतीने फिरवलं जातं. त्याचा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो, टायर घासतात, डिझेलही जास्त जातं. शिवाय टू-एचमध्ये असतानाही त्या यंत्रणेचं जादा वजन गाडी वाहतच असते.

ज्यांची कूर्गमध्ये कॉफीची बाग आहे, ज्यांच्या शेताची वाट पावसाळ्यात चिखलाने बंद होते, त्यांच्यासाठी फोर बाय फोर हे अवजार आहे. त्यांनी जरूर घ्यावी. पण वर्षातून एकदा मांदलपट्टीला जायचं असेल, तर तिथे भाड्याच्या जीप मिळतात.

डिझेल आणि छोट्या फेऱ्या

अजून एक गोष्ट शोरूममध्ये क्वचितच कुणी समजावून सांगतं. बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला धुराडं चांगलं तापावं लागतं, आणि ते होतं सलग, बऱ्या वेगात गाडी चालवल्यावर. रोजचा वापर म्हणजे मुलांची शाळा, भाजी, देवराज मार्केट असा चार-सहा किलोमीटरचाच असेल तर गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर एक मोठी फेरी मारा. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर दुरुस्तीचं बिल मोठं येतं. अनेक डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावणही वेगळं भरावं लागतं, तेही विचारून घ्या.

आणि ‘डिझेल स्वस्त’ हे जुनं गणित आता तपासून पाहा. २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल सत्तरीच्या पुढे होतं आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास. २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि ती मोठी दरी बुजत गेली.

गाडी घरात आहेच, तर...

आधीच घेतली असेल तर घाबरून विकायला धावू नका. खर्च कमी करता येतो.

• वेग सांभाळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. मोठ्या गाडीचं तोंडही मोठं, म्हणून तिला हे जास्त जाणवतं. बेंगळुरू–म्हैसूर महामार्गावर कारसाठी मर्यादा १०० ची आहे. ९० वर गाडी ठेवली तर दंडही नाही आणि डिझेलही वाचतं.
• कोल्हापूरचं उदाहरण. बोगादीहून जाऊन-येऊन साधारण १,४०० किमी. ॲव्हरेज १२ पडलं तर डिझेलचे सुमारे १०,६०० रुपये, दामटल्यामुळे १० पडलं तर १२,७००. एका फेरीत दोन हजारांचा फरक.
• टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेला असतो.
• टपावरचा कॅरिअर काम झालं की काढून ठेवा. डिकीतल्या पाच-दहा किलोंनी दोन टनांच्या गाडीला काही फरक पडत नाही, कॅरिअरमुळे अडणाऱ्या हवेने पडतो.
• टोलचा पास. खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर नाही.
• गाडी जास्त वर्षं ठेवा. हा सगळ्यात मोठा उपाय. तीच गाडी दहा वर्षं वापरून १२ लाखांना विकली तर किंमत उतरण्याचा खर्च वर्षाला ४ लाख ८० हजारांवरून ३ लाख ६० हजारांवर येतो. डिझेल वाचवण्याच्या सगळ्या युक्त्या मिळूनही एवढे पैसे वाचत नाहीत.

घ्यायची ठरवत असाल तर

तीन पर्याय समोर ठेवा. पहिला, छोटी गाडी घरी ठेवायची आणि लांबच्या प्रवासाला मोठी गाडी भाड्याने घ्यायची. वर्षातून दोन मोठ्या सहलींना ७०-८० हजार गेले तरी एकूण खर्च निम्म्याहून कमी राहतो. दुसरा, पाच वर्षं वापरलेली गाडी. वरच्याच आकड्यांनी २४ लाखांना घेऊन पाच वर्षांनी १२ ला विकली तर वर्षाला २ लाख ४० हजार उतरतात, नव्या गाडीच्या अगदी निम्मे. दुरुस्तीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा, आणि चालवून बघताना फोर-एच, फोर-एल दोन्ही खरंच लागतात का ते कच्च्या रस्त्यावर तपासा. तिसरा पर्याय नवी गाडी, पण रोख किंवा अगदी कमी कर्जावर, आणि निदान आठ-दहा वर्षांसाठी.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १५ टक्के आहे, म्हणून पुण्याच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर गाडी घ्यावी असं काहींना वाटतं. ४० लाखांच्या गाडीवर दोन लाख वाचतात खरे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते आणि तिथला करही भरावा लागतो. मग वाचवलेले पैसे आरटीओच्या फेऱ्यांत जातात.

‘दारी हत्ती झुलतात’ असं आपल्याकडे श्रीमंतीचं वर्णन करतात. म्हैसूरकरांना तर दसऱ्याचे हत्ती दरवर्षी दिसतात. अंबारीचा थाट एका दिवसाचा, चारा मात्र वर्षभर घालावा लागतो. तुमच्या घराला हा हत्ती खरोखर लागत असेल आणि चाऱ्याची सोय असेल, तर आनंदाने आणा. नसेल तर शोरूमला जाण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून वरचा हिशोब आपल्या आकड्यांनी करून बघा. अर्धा तास पुरेल.