स्मारके काय सांगतात?

वसईच्या खाडीकाठी असलेल्या नायगावाहून आगगाडीने मुंबईस जाता येते. त्या शहरात भायखळा येथे अग्निशमन दलाचे मुख्य ठाणे असून तेथे एक स्मारक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या व सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. आग विझविण्याचे काम चालू असतानाच दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राण वेचले. त्यांचे हे स्मारक होय.

आपत्तीचे स्मारक दोन रीतींनी पाहता येते. पहिली रीत म्हणजे आपले आपण पाहणे. फलक वाचावा, हवा तितका वेळ थांबावे, मनाशी विचार करावा. २००१ साली झालेल्या भूकंपाचे ‘स्मृतिवन’ गुजरातेत भूज येथे २०२२ साली खुले झाले. तेथे सुमारे १३ हजार मृतांची नावे आहेत. नुसत्या आकड्याने जे उमगत नाही, ते एकेक नाव वाचताना उमगते. परंतु फलकावर जागा थोडी असते. कापूस आणि स्फोटके जहाजाच्या एकाच भागात का भरली, असे कोणी विचारले, तर दगड काय उत्तर देणार?

दुसरी रीत म्हणजे जाणत्या माणसाकडून समजून घेणे. जपानमधील कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी मोठा भूकंप झाला. तेथील संग्रहालयात त्या संकटातून वाचलेले नागरिक आपला अनुभव स्वतः सांगतात. ढिगाऱ्याखालील कित्येकांना शेजाऱ्यांनीच बाहेर काढले, हे ऐकून शेजारधर्माचे मोल श्रोत्यांना पटते. मात्र सांगणारा घाई करील किंवा केवळ थरारक प्रसंगच रंगवील, तर दुःखाची करमणूक होते आणि मृतांचा मान राहत नाही.

म्हणून दोन्ही रीतींची जोड घालावी. प्रथम स्तब्ध उभे राहून पाहावे, मग जाणत्यास विचारावे. काय घडले एवढेच नव्हे, तर ते का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हेही विचारावे. स्मारकापुढे वाहिलेली फुले सायंकाळी कोमेजतात. तेथे घेतलेला धडा मात्र पुढे कोणाचे तरी प्राण वाचवू शकतो.