प्रवेशानंतरची पायरी

२०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावरी, भिली बोलतात. नवापूरकडे मावची, कोकणी. महाविद्यालयात मात्र प्रमाण मराठी आणि इंग्रजीच चालते. उच्चारावरून एकदा हसू झाले, की विद्यार्थी शंका विचारणेच सोडतो. आरक्षणामुळे त्याला प्रवेश मिळतो, पण शिक्षण पुरे करायला सन्मानही लागतो. म्हणूनच विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या समता नियमांनी जात, भाषा, दिव्यांगत्व यांवरून होणारा भेदभाव रोखण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या.

अशा विद्यार्थ्यांना सोयी दिल्याने दर्जा घसरतो, असा आक्षेप घेतला जातो. पण अंध विद्यार्थ्याला लेखनिक दिला तरी प्रश्नपत्रिका तीच राहते, आणि अवघड संकल्पना पावरीत समजावली तरी अभ्यासक्रम बदलत नाही. मोजली जाते ती विद्यार्थ्याची समजच. पैशांची अडचण खरी आहे. तरीही चाकाच्या खुर्चीसाठी उतार होईपर्यंत वर्ग तळमजल्यावर घेता येतो, आणि टिंगल थांबवायला निधी लागत नाही. सुरुवात प्राध्यापकांनी आपल्याच वर्गापासून करावी.