मोल्टचा दिवस

सकाळी ६
शेडच्या दारात चपला काढायच्या, पाय चुन्यात बुडवायचे, हात धुवायचे, मगच आत. जळकोटच्या रानात सोयाबीन आणि तूर पूर्वीपासूनची, तुती अलीकडची. रॅकवर २०० अंडीपुंजांच्या, म्हणजे ८०,००० च्या आसपास रेशीम अळ्या आहेत. काल दुपारी त्या चौथ्या मोल्टला, म्हणजे कात टाकायला बसल्या, तेव्हापासून पाला बंद आहे.

सकाळी ८
भादव्यातली हवा दमट, म्हणून खिडक्या उघडल्या आणि बेडवर पुन्हा हलका चुना धुरळला. उरलेला पाला वाळलाच पाहिजे. ओला राहिला तर रोग येतो, शिवाय लवकर उठलेली अळी तो खाऊन बाकीच्यांच्या पुढे जाते.

सकाळी १०
आता नुसतं बघायचं. अंड्यातून निघाल्यापासून कोष करेपर्यंत अळीचं वजन सुमारे १०,००० पट होतं, पण कातडी एका मर्यादेपुढे ताणत नाही. म्हणून चार वेळा कात टाकावी लागते. बसण्याआधी ती बारीक रेशीम सोडून मागचे पाय पाल्याला बांधून घेते, डोकं वर करते आणि स्थिर होते. आत नवी कातडी तयार झाली की तोंडावरचं जुनं कवच गळतं, मानेपाशी कात फाटते आणि अळी पुढे सरकत बाहेर येते. कात बांधलेल्या जागी राहते. मधेच कुणी हलवलं अन् तो बांध सुटला, तर जोर लावायला आधार उरत नाही. अर्धी कात अंगावर अडकते, अळी मरते.  

दुपारी १
पुतण्या घाईला आला. “काकू, निम्म्या उठल्या की! टाकू का पाला?”
“थांब रे बाळा. सगळ्या उठू दे.”
आत्ता पाला टाकला तर बसलेल्या अळ्या खाली दबतात, बेडवरच्या अळ्या लहान-मोठ्या होतात, कोष एका दिवशी होत नाहीत. जालन्याला २०१८ पासून कोषांचा बाजार आहे. तिथे भाव प्रतीवर ठरतो.

दुपारी ४
शंभरातल्या पंच्याण्णव उठल्या. डोकी मोठी, फिकट तपकिरी. अंग सैल, सुरकुतलेलं. विजेता ही निर्जंतुक करणारी पावडर धुरळली, अर्धा तास थांबलो आणि मग व्ही-१ वाणाच्या तुतीच्या कोवळ्या फांद्या दिल्या.

रात्री ९
दुसरा पाला. आयुष्यभरात लागणाऱ्या पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त त्या आता आठवडाभरात खातील. त्या पाल्यावर कीटकनाशकाचा वारा आला, तर अख्खी बॅच जाते. शेजारच्या बांधाला तुती असेल, तर भावांनो, सोयाबीनवर फवारण्याआधी एक फोन करा.