एकाच टप्प्याचा अग्निबाण



कोंबडीच्या अंड्याचें कवच किती नाजूक असतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. सबंध अंड्याच्या वजनांत या कवचाचा वांटा सुमारें एक दशांश असतो. आतां अशी कल्पना करा कीं, असें एक प्रचंड अंडें आकाशांत उडवावयाचें आहे; त्यानें पृथ्वीभोवतीं प्रदक्षिणा घालून परत यावयाचें आहे; आणि कवचास तडा जाऊं न देतां जमिनीवर उभें राहून पुन्हां उड्डाणास सिद्ध व्हावयाचें आहे. वाटेंत कांहींहि न टाकतां एकाच टप्प्यांत कक्षेपर्यंत जाणारा आणि सुखरूप परत येणारा अग्निबाण बांधणें, हें काम या कल्पनेहून फारसें निराळें नाहीं. तें इतकें अवघड कां, आणि त्याचा आग्रह धरण्याची खरोखर गरज आहे काय, याचा आज थोडा विचार करूं.

पृथ्वीच्या जवळच्या कक्षेंत फिरत राहण्यासाठीं सेकंदास सुमारें ७.८ किलोमीटर वेग लागतो. वर चढतांना गुरुत्वाकर्षणाशीं व हवेच्या विरोधाशीं झगडण्यांत जें खर्ची पडतें तें धरलें, तर सेकंदास सुमारें ९.४ किलोमीटर वेग देण्याइतकी शिदोरी बरोबर घ्यावी लागते. या शिदोरीचा हिशेब रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्की यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूत्रावरून करतां येतो. द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन ही प्रचलित जोड्यांत सर्वांत समर्थ जोडी होय. ती वापरली तरीहि उड्डाणाच्या क्षणींच्या १०० किलो वजनांत सुमारें ८८ किलो या दोन द्रव्यांचेंच असावें लागतें. उरलेल्या १२ किलोंत टाक्या, यंत्रें, नळ्या, उपकरणें आणि ज्यासाठीं हा सारा खटाटोप तो माल, इतकें सर्व बसवावयाचें! हायड्रोजनऐवजीं केरोसीन घेतलें तर टाक्या पुष्कळ लहान होतात. परंतु हातीं राहतात ते १२ नव्हे, जेमतेम ६ किलो.

या अडचणीवर तोड म्हणून टप्प्यांची युक्ति निघाली. रिकामी झालेली टाकी आणि तिचीं जड यंत्रें ओझें म्हणून वाहत न बसतां वाटेंतच टाकून द्यावयाचीं. अमेरिकेचा अ‍ॅटलास हा अग्निबाण एका टप्प्याच्या फार जवळ पोंचला होता. १८ डिसेंबर १९५८ रोजीं त्याची सबंध टाकी कक्षेंत गेली. वाटेंत टाकावीं लागलीं तीं तीन मुख्य यंत्रांपैकीं दोन. मात्र त्या टाकीचा पत्रा इतका पातळ होता कीं, आंतील वायूचा दाब नसता तर ती आपल्याच भारानें चेपली असती.

तेव्हां नुसतें वर जाणें अगदींच अशक्य नाहीं. खरी अडचण परत येण्याची आहे. कक्षेंतून खालीं येतांना समोरची हवा दाबली जाऊन निर्माण होणारी उष्णता सोसण्यास आवरण हवें, वेग आवरण्यास राखून ठेवलेलें इंधन हवें, आणि उभें राहण्यास पाय हवेत. हें सर्व त्या १२ किलोंतूनच काढावयाचें. एका टप्प्याच्या अग्निबाणांत वजन एका किलोनें वाढलें कीं माल एका किलोनें घटतो. तेथें उधारी चालत नाहीं.

उतरण्याची कला साध्य आहे, हें डी.सी.-एक्स नांवाच्या लहानशा अग्निबाणानें दाखविलें. कक्षेंत जाण्याचें सामर्थ्य त्याच्या ठायीं नव्हतें. तो केवळ प्रयोगासाठीं बांधला होता. १८ ऑगस्ट १९९३ रोजीं अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांत तो उडाला आणि आपल्याच ज्वालांवर तोल सांवरीत उभाच्या उभा खालीं उतरला. पुढें त्यांत सुधारणा करून नासा या संस्थेनें १९९६ सालीं त्याचे आणखी प्रयोग केले. त्या वर्षीं ३१ जुलै रोजीं उड्डाण उत्तम झालें, उतरणेंहि उत्तम झालें. परंतु चार पायांपैकीं एक पाय उघडलाच नाहीं. अग्निबाण कलंडला आणि जळून गेला. त्या पायास वायु पुरविणारी नळी जोडावयाची राहून गेली होती! शास्त्राचा सिद्धान्त कोठेंहि चुकला नव्हता.

या अपघाताचा बोध मोठा आहे. सुरक्षितता म्हणजे शिल्लक. एक साधन निकामी झालें तर दुसरें हवें, इंधन थोडें अधिक हवें, पत्रा थोडा जाड हवा. विमानास ही शिल्लक परवडते, आणि धांवपट्टी साधली नाहीं तर वैमानिक पुन्हां एक फेरी मारूं शकतो. एका टप्प्याच्या अग्निबाणापाशीं नेमकी हीच शिल्लक नसते. वजन वांचविण्याच्या हव्यासाचा शेवट काय होतो, हें एक्स-३३ या दुसऱ्या प्रयत्नांत दिसलें. हायड्रोजनसाठीं कार्बनच्या तंतूंची हलकी टाकी बनविली होती. नोव्हेंबर १९९९ मधील परीक्षेंत तिचे थर सुटले, आणि मार्च २००१ मध्यें एकहि उड्डाण न होतां ती योजना गुंडाळण्यांत आली.

यशाची वाट निघाली ती टप्प्यांशीं तडजोड करून. डिसेंबर २०१५ मध्यें फाल्कन ९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा माल कक्षेकडे धाडून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उभा उतरला. हा टप्पा वेगळा होतो तेव्हां त्याचा वेग सेकंदास सुमारें दोन किलोमीटर, म्हणजे कक्षेंतील वेगाच्या जवळजवळ चतुर्थांश असतो. म्हणून जिरवावयाची शक्ति दर किलोमागें पंधरा पट कमी. शिवाय पहिल्या टप्प्याचें वजन कित्येक किलोंनीं वाढावें, तेव्हां कोठें मालांत एका किलोची घट होते. पाय व राखीव इंधन येथें परवडतें तें यामुळें. पुढें १३ ऑक्टोबर २०२४ रोजीं टेक्ससमध्यें स्टारशिपचा प्रचंड पहिला टप्पा मनोऱ्याच्या दोन बाहूंनीं अधांतरीं झेलला, आणि पायांचें ओझें जमिनीवरच राहिलें.

एका टप्प्याचा अग्निबाण अशक्य आहे, असें म्हणण्याचें धाडस कोणीं करूं नये. उद्यां अधिक हलके व बळकट पदार्थ निघतील, यंत्रेंहि सुधारतील. परंतु त्याच पदार्थांचा लाभ दोन टप्प्यांच्या अग्निबाणासहि मिळेल, आणि तो अधिक माल नेईल. पुन्हां पुन्हां वापरतां येणें हें साध्य आहे. एकच टप्पा असणें हें त्याचें एक साधन. साधनाचा मोह सुटला, तेव्हांच अग्निबाण सुखरूप घरीं परतूं लागला.