गालात भरलेली चरबी जगते कशी?

घरात आजीच्या लग्नाच्या वेळचा फोटो असेल तर तो काढा, आजीला शेजारी बसवा आणि दोन्ही चेहरे नीट न्याहाळा. सुरकुत्या तर दिसतीलच, पण त्याहून मोठा फरक आहे तो आकारात. फोटोतला गाल बाहेरून गोल आहे. आजचा गाल आत गेलेला आहे. डोळ्यांखाली खळगा पडला आहे आणि नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक घडी उतरली आहे. दाढा पडल्या हे त्याचे एक कारण. वयाबरोबर जबड्याचे हाड झिजते हे दुसरे. तिसरे कारण कातडीखालच्या चरबीत आहे. ही चरबी एकसंध गादीसारखी पसरलेली नसते, तर लहान लहान कप्प्यांत असते. २००७ साली अमेरिकेतील रॉरिक आणि पेसा या संशोधकांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात निळा रंग टोचून दाखवून दिले, की एका कप्प्यात टोचलेला रंग त्या कप्प्याची भिंत ओलांडून शेजारी जात नाही. वय वाढते तसे यातले काही कप्पे रिते होतात. मग वरची कातडी, हवा कमी झालेल्या फुटबॉलसारखी, सैल पडते.

हा विषय आमच्या वर्गात निघाला तो एका विद्यार्थिनीमुळे. 'सर, गालात इंजेक्शनने भरतात ते नक्की काय असते? आणि भरलेले तिथेच राहते कसे?' वर्ग हसला. जाहिराती आता मोबाइलवरून वाशिम, कारंजा, रिसोडच्या मुलांपर्यंतही पोहोचतात, त्यामुळे प्रश्न कुठून आला हे सगळ्यांना कळले होते. मला मात्र प्रश्नाचा दुसरा भाग फार आवडला. भरलेले तिथेच राहते कसे? याचे उत्तर वैद्यकाइतकेच पदार्थविज्ञानात आहे.

खळगा बुजवायचा तर मेण का नको? ही कल्पना व्हिएन्नाच्या गेर्सुनी नावाच्या शल्यविशारदाला १८९९ मध्ये सुचली. त्याने पॅराफिन मेण पातळ करून टोचले. ते आत जाऊन घट्ट झाले आणि आकार मिळाला. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत चपटी नाके आणि बसलेले गाल मेणाने भरण्याची लाट आली. पण कमी तापमानाला वितळणारे मेण शरीराच्या उष्णतेने मऊ होऊन खाली ओघळे. मार्लबरोची डचेस ग्लॅडिस डीकन हिने नाकाचा बांक सरळ व्हावा म्हणून मेण टोचून घेतले. ते पुढे हनुवटीकडे सरकले आणि तिचा देखणा चेहरा कायमचा बिघडला. ज्यांचे मेण जागेवर राहिले त्यांचेही भले झाले नाही. शरीर त्या परक्या पदार्थाभोवती तटबंदी उभारते. कठीण गाठी झाल्या, काहींच्या चिघळल्या. त्या गाठींना 'पॅराफिनोमा' असे नावच पडले.

मग परके नको, आपलेच भरू! हा विचार मेणाच्याही आधीचा आहे. १८९३ मध्ये जर्मनीतील नॉयबर याने रोग्याच्या दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणाखाली भरली. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. चरबीचा तुकडा घेवड्याच्या दाण्याएवढा किंवा बदामाएवढा असेल तर ठीक. त्याहून मोठा असला की निकाल वाईट.

असे का व्हावे? हे समजण्यासाठी त्याच्याही शंभर वर्षे मागे, पुण्याजवळ जाऊ या.

कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया समक्ष पाहिली. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात तिचे वर्णन चित्रासह छापून आले. (त्यात गाडीवानाचे नाव आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्या कारागिराचे मात्र नाही.)

पद्धत अशी. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते चेहऱ्यावर बसवून पाहायचे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण सगळी नाही! दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. त्या पट्टीवर पीळ देऊन कातडी खाली वळवायची, नाकाच्या जागी बसवायची आणि जोडावर कात लावायचा. हो, विड्याला लावतात तोच. सुमारे २५ व्या दिवशी ती पट्टी कापून टाकायची. हे वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला अशीच शस्त्रक्रिया केली आणि कपाळाच्या कातडीचे नाक युरोपात सुरू झाले.

सारे रहस्य त्या पट्टीत आहे. पट्टीतून रक्त येत राहते. २५ दिवसांत नाकाच्या कडांमधून नव्या केशवाहिन्या आत शिरतात आणि मग पट्टीची गरज उरत नाही. रोपाला बाहेरून मुळे फुटेपर्यंत ते जुन्या झाडाला जोडलेले ठेवायचे, ही दाबकलमाची रीत ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना ठाऊक असेलच.

दंडातून काढलेल्या चरबीला अशी पट्टी नसते. तिचा रक्ताशी संबंध पूर्ण तुटलेला असतो. नव्या केशवाहिन्या येईपर्यंत काही दिवस तिला प्राणवायू मिळतो तो केवळ शेजारच्या ऊतींमधून झिरपून, म्हणजेच विसरणाने. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो त्याला हवेच्या हालचालीची मदत असते; ऊतींत ती नसते. तिथे रेणू धक्के खात, दिशाहीन भटकत पुढे सरकतात. अशा भटकंतीचा नियम आहे की अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. प्राणवायूला ऊतींत एक दशांश मिलिमीटर जायला सुमारे अडीच सेकंद लागतात. एक मिलिमीटरला अडीचशे सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. एक सेंटिमीटरला जवळजवळ सात तास! शिवाय वाटेतल्या पेशी तो प्राणवायू वापरून टाकतात ते वेगळेच. जपानी संशोधकांनी अशा कलमांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला तेव्हा आढळले, की मूळच्या चरबीपेशी तुकड्याच्या बाहेरच्या जास्तीत जास्त ०.३ मि.मी. जाडीच्या थरातच जगतात.

आता वही घ्या. दोन सेंटिमीटर व्यासाचा चरबीचा एक गोळा कल्पा. त्रिज्या १० मि.मी. बाहेरचा ०.३ मि.मी. थर जगला, तर आत ९.७ मि.मी. त्रिज्येचा गोळा मेला. ०.९७ चा घन सुमारे ०.९१. म्हणजे १०० भागांतले ९१ भाग गेले, ९ वाचले. आता तेवढ्याच चरबीचे २ मि.मी. व्यासाचे एक हजार थेंब करा. प्रत्येकाची त्रिज्या १ मि.मी.; आत मेलेल्या भागाची ०.७ मि.मी. ०.७ चा घन ०.३४३. म्हणजे सुमारे ६६ टक्के वाचले! चरबी तीच, शरीर तेच. फरक केवळ आकारमानाचा. नॉयबरचा घेवड्याचा दाणा इथे उलगडतो. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी जी पद्धत बसवली तिचे मर्म हेच आहे: चरबी नाजूकपणे काढायची आणि बोथट नळीने, वेगवेगळ्या थरांत, थेंब थेंब ठेवत यायचे.

आपले गणित ढोबळ आहे, हे मात्र विसरू नका. चरबीत काही मूलपेशीही असतात. त्या कमी प्राणवायूत तग धरतात आणि पुढे नव्या चरबीपेशी तयार करतात, म्हणून मधल्या थराचा काही भाग पुन्हा उभा राहतो. प्रत्यक्षात किती चरबी टिकेल हे माणसागणिक फार बदलते. अगदी आतल्या मेलेल्या पेशींतले तेल शरीर शोषून घेते, नाहीतर त्याच्या गाठी होतात.

जाहिरातींतले 'फिलर' मात्र बहुधा चरबी नसते. ते असते हायलुरॉनिक आम्लाचे जेल. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातील पारदर्शक बलकातून हे द्रव्य वेगळे केले आणि काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. आपल्या शरीरात ते एकूण १५ ग्रॅमच्या आसपास असते, त्यातले निम्मे कातडीत. साखरेच्या रेणूंची ही लांबलचक साखळी पाणी धरून ठेवते. भिजलेल्या सब्जाच्या बीभोवतीचा बुळबुळीत थर आठवा. जात वेगळी, पण युक्ती तीच. अडचण एवढीच, की शरीर रोज यातले सुमारे एक तृतीयांश मोडून नवे बनवते. नुसते टोचले तर दोन दिवसांत नाहीसे व्हायचे. म्हणून कारखान्यात या साखळ्यांना आडवे रासायनिक टाके घालून जाळे विणतात. जाळे तोडायला वेळ लागतो; भर सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकते.

हे जेल सुईतून जाते आणि गालात मात्र थबकते, यात विसंगती वाटेल. टूथपेस्ट पाहा. नळी दाबली की वाहते, ब्रशवर पडली की उभी राहते. जोर असेपर्यंत श्यानता कमी, जोर गेला की पुन्हा घट्ट.

पण तो जोर केवढा? नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सुईची त्रिज्या निम्मी केली तर तोच प्रवाह ठेवायला सोळापट दाब हवा. घरी सुई न लावता एका सिरिंजमध्ये पाणी आणि दुसरीत मध भरून दाबून पाहा, अंगठाच सांगेल. एक मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या जेमतेम १७ चौरस मिलिमीटरचा असतो. त्यावर दोन किलो वजनाएवढा जोर दिला तर आत सुमारे साडेअकरा वातावरणांइतका दाब तयार होतो. रोहिणीतल्या रक्ताचा दाब किती? पाऱ्याचे १२० मि.मी., म्हणजे एका वातावरणाचा सहावा हिस्सा! सिरिंजमधला बराचसा दाब सुईतच खर्च होतो हे खरे. तरी उरलेला रक्ताला उलटे ढकलायला पुरतो.

धोका इथेच आहे. भुवयांच्या मधल्या जागेतल्या आणि नाकावरच्या लहान रोहिण्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीशी जोडलेल्या आहेत. सुईचे टोक चुकून अशा रोहिणीत शिरले आणि जोर जास्त झाला, तर टोचलेला पदार्थ प्रवाहाविरुद्ध मागे जातो आणि जोर थांबताच रक्ताबरोबर पुढे, थेट दृष्टिपटलाच्या रोहिणीत जाऊन अडकतो. २०१५ मध्ये जगभरातल्या अशा ९८ घटनांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या घटना चरबीच्या होत्या. दृष्टिपटल रक्तावाचून फार तर दीड तास तग धरते. वाशिमहून अकोला गाठायलाच तेवढा वेळ जातो. हायलुरॉनिक आम्लावर निदान एक उतारा आहे: हायलुरॉनिडेझ नावाचे विकर ते जाळे विरघळवते. (सापाच्या आणि मधमाशीच्या विषातही हे विकर असते, ऊतींतला बांध फोडून विषाला वाट करून देणे हे त्याचे तिथले काम.) पण डोळ्याच्या बाबतीत तेही बहुधा उशिराच पोहोचते, आणि चरबीवर तर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून शिकलेला डॉक्टर बोथट नळी, अगदी थोडे द्रव्य आणि अतिशय मंद दाब वापरतो. पार्लरमध्ये स्वस्तात हे करून घेणाऱ्याला यातले काही सांगितले जात असेल, असे मला वाटत नाही.

एवढा धोका केवळ तरुण दिसण्यासाठी का पत्करायचा, असे वर्गातल्या एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण गाल भरण्याची गरज तेवढ्यापुरती नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने एचआयव्हीबाधितांना मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. पहिल्या रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या औषधांत स्टॅव्ह्युडीन नावाचे एक स्वस्त औषध असे. त्याने जीव वाचले, पण ते चरबीपेशींतल्या तंतुकणिकांना इजा करी आणि गालांतली चरबी विरून जाई. माणूस बरा होऊन कामाला लागे आणि त्याच वेळी त्याच्या खोल गेलेल्या गालांवरून गावाला आजार ओळखू येई. काहींनी चेहरा बिघडतो म्हणून गोळ्याच सोडल्या.

२००४ मध्येच अमेरिकेत नेमक्या याच रोग्यांच्या गालांसाठी एका फिलरला परवानगी मिळाली. त्यात पॉलिलॅक्टिक आम्लाचे बारीक कण असतात. विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या कुळातलेच हे द्रव्य. कण हळूहळू विरघळतात आणि त्यांच्याभोवती शरीर स्वतःचे कोलॅजेन तंतू विणते. आपल्याकडच्या मोफत गोळ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते परवडण्याजोगे नव्हते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन बंद करण्याचा सल्ला दिला आणि पुढे भारतातही ते मागे घेण्यात आले. नव्या गोळ्यांनी गाल आत जात नाहीत. ज्यांचे आधी गेले होते त्यांची चरबी मात्र औषध बदलल्यावर अगदी सावकाश आणि थोडीशीच परतते.